डाव्या बाजूचा नट

माझी गाडी त्याच वळणावर सातव्यांदा उलटली, तेव्हा मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला एक माणूस उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मोटरला शिव्या देऊ नका. तिला बसता येत नाय, एवढंच हाय."

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची बग्गी. मी पेणला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. गुरुत्वमध्य खाली-वर झाला की वळणावर काय होतं ते वर्गात दाखवायला म्हणून ती घेतली. दाखवून झालं आणि मलाच तिचा नाद लागला. गणपतीच्या कारखान्यांच्या मागे एक मोकळं मैदान होतं. तिथे रविवारी सकाळी आठ-दहा जण आपापल्या गाड्या घेऊन जमत. कंपनीत काम करणारे दोघे-तिघे, एक टेम्पोवाला, एक मेडिकल स्टोअरवाला, आणि त्यांत बाईमाणूस मी एकटीच. मातीनं भरलेल्या गोण्या आडव्या टाकून आम्ही ट्रॅक केला होता.

त्या माणसानं माझी गाडी उचलली, वीतभर उंचावर धरली आणि सोडून दिली.

"बघितलंत? पुढनं बसली. मागनं तशीच उभी ऱ्हायली. मग वळणावर काय करील ती?"

मग त्यानं जुन्या चादरीत गुंडाळलेली एक काच काढली. खिडकीची साधी काच. ती मैदानाकडेच्या ओट्यावर ठेवली, खाली कागदाच्या घड्या सरकवून पातळीत आणली आणि तिच्यावर गाडी ठेवली. "जमीन कधी सपाट नसते," तो म्हणाला. "मापं घ्यायची ती काचेवर." त्यानं गाडीचं अंग थोडं खाली घेतलं आणि मला फेरी मारायला लावली. गाडी उलटली नाही, पण आतलं चाक अजून उचलत होती. मग पुढच्या चाकाला वरून धरणारी काडी एक भोक सरकवली. पुन्हा फेरी. मग मागच्या शॉकअपमधलं तेल बदललं. पुन्हा फेरी. मी म्हटलं, सगळं एकदमच का नाही करत? तर म्हणाला, "एका वेळी एकच. दोन बदल केलेत नि गाडी बिघडली, तर दोष कोणाचा ते गाडी सांगणार नाय."

दोन तासांनी माझी बग्गी त्या वळणावरून अशी गेली, की मी रिमोट हातात धरून नुसती बघत राहिले.

हे वसंत म्हात्रे. वय साठीच्या अलीकडे, अंगानं शिडशिडीत, हातांची बोटं मात्र एखाद्या दांडग्या माणसाची असावीत तशी. सगळे त्यांना म्हात्रेदादा म्हणत. हायवेवरून पेणमध्ये शिरताना त्यांचं दुकान लागायचं. पाटीवर पुसट अक्षरांत अजून 'व्हील अलाइनमेंट' वाचता येत असे, पण आत दुरुस्तीला आलेले मिक्सर, पंखे, इस्त्र्या. जमिनीत मोटारीखाली उतरायचा खड्डा होता तो फळ्या टाकून झाकलेला. त्या फळ्यांवरच त्यांचं टेबल आणि टेबलावर आमच्या गाड्या.

मी त्यांना पुस्तकातल्या गोष्टी सांगायचे, ते मला हातातल्या. गाडी वळताना तिचं अंग ज्या बिंदूभोवती कलतं त्याला पुस्तकात रोल सेंटर म्हणतात. मी कागदावर रेघा मारून तो कसा काढायचा ते दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे कंबर. आम्ही कंबर म्हणतो. कंबर वर घेतली की गाडी ताठ. खाली घेतली की लोळते. मधली सापडायला हवी." चाकं वरून आत कलती का ठेवायची, हेही त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "वळताना बाहेरच्या चाकाचा अख्खा तळवा भुईला टेकला पायजे, मग उभं असताना ते थोडं वाकडं दिसलं तर दिसूं दे." ही दोन्ही वाक्यं मी पुढे वर्गात वापरली. मुलांना रेघांपेक्षा तीच कळली.

त्यांच्या काही सवयी मात्र आम्हाला विचित्र वाटायच्या. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर ते लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. अर्धा नटावर, अर्धा बाजूच्या धातूवर. नट जरा जरी फिरला तर ठिपका तुटलेला दिसतो. ठिपका देताना तोंडानं म्हणायचे, "डावा पुढचा, बसला. उजवा पुढचा, बसला." हे ते मोठ्यानं म्हणत, मग भोवती कोणी का असेना. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा दुकानात डबा घेऊन आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "माझ्या नखांना कधी लागलं नाय एवढं ह्यांच्या नटांना लागतंय." दादा हसले नाहीत. ते पुढचा नट मोजत होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या गाडीची. दुसऱ्यांच्या गाड्या वाऱ्यासारख्या करून देणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी आमच्यात सगळ्यात मंद. कारण पुढची चाकं वळवणाऱ्या काड्या, मोटारीत ज्यांना टाय रॉड म्हणतात त्या, त्यांनी पोलादाच्या करून घेतल्या होत्या. छोट्या गाडीत या काड्या हलक्या असतात आणि त्यांची टोकं प्लास्टिकच्या पकडीत घट्ट बसतात, वेगळा नट लागत नाही. दादांच्या काड्यांना मात्र खऱ्या मोटारीसारखे आटे आणि काडी आपोआप फिरू नये म्हणून त्यांवर बारका लॉकनट. टेम्पोवाला घरत त्यांची चेष्टा करायचा. "दादा, ही काय भाताच्या गोणी वाहायला काढलीय?" दादा म्हणायचे, "माझी मला ऱ्हाऊं दे."

आणि तिसरी गोष्ट, ते रोह्याला येत नसत. दोन-तीन महिन्यांतून एकदा रोह्याच्या मंडळींकडे शर्यत असायची. आम्ही सगळे जायचो. दादा आदल्या दिवशी प्रत्येकाची गाडी काचेवर घेऊन तयार करून द्यायचे, पण स्वतः कधी नाही. "रोह्याला मी येत नाय," एवढंच. आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं, की तिथे सासुरवाडी असेल, तिच्याशी काहीतरी बिनसलेलं असणार.

एकदा घरतची गाडी बिघडली. सरळ रस्त्यावर जरा उंचवटा आला की ती डावीकडे झेपावायची. घरत म्हणाला, माझाच हात हलतो बहुतेक. दादांनी गाडी काचेवर ठेवली, स्टिअरिंग बंद करून टाकलं आणि एका बोटानं डावं चाक हळूच वर उचललं. चाक वर जाता जाता आपोआप आत वळलं.

"बघ. स्टिअरिंगला कोणी हात लावला का? नाय ना? तरी वळलं. खड्ड्यानं वळवलं. काडीचं टोक जिथं हवं तिथं नाय, म्हणून." त्यांनी टोकाखाली एक पातळ वॉशर घातला, पुन्हा चाक उचललं. या वेळी ते सरळ वर गेलं. "आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण चुकलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, पण आमच्यापैकी कोणाला उद्देशून नाही. "चालवणाऱ्याला वाटतं, आपण चुकलो." मग हातातला पाना खाली ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले. घरतनं मला डोळ्यानं खुणावलं, म्हातारा सरकलाय.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर माझी खरी मोटार डावीकडे ओढायला लागली. गडब गावाजवळ एका खड्ड्यात चाक आदळलं होतं. मी सहज दादांच्या दुकानासमोर गाडी थांबवली. म्हटलं, "दादा, एकदा नजर टाका ना. तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

"गडबला गॅरेज हाय, तिकडं न्या."

"अहो, तुम्ही असताना गडबला कशाला?"

"बाई, खऱ्या गाडीला मी हात लावत नाय."

मी हट्टाला पेटले. बॉनेट उघडलं, म्हटलं, निदान सांगा तरी. ते जागेवरून उठले, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सांगतोय ना एकदा! कळत नाय काय तुम्हाला?" असं जवळजवळ ओरडून ते आत गेले आणि त्यांनी शटर खाली ओढलं. भर दुपारी, रस्त्यात, मला. मला फार लागलं ते. पुढचे दोन महिने मी मैदानावर गेले नाही.

त्यानंतर रोह्याची शर्यत आली. घरत म्हणाला, "बाई, राग सोडा, गाडी घेऊन चला." माझी गाडी दादांनीच उन्हाळ्यात लावून दिलेली होती, तशीच नेली. कुंडलिकेच्या अंगाला एका शाळेच्या मैदानावर ट्रॅक होता. मी दुसऱ्या फेरीत बाद झाले, पण वळणांवर माझ्या गाडीइतकी कोणाचीच शांत नव्हती. एक माणूस मघापासून बघत होता. पस्तिशीचा, डाव्या पायात किंचित लंगडत चालणारा. जवळ येऊन म्हणाला, "ही कोणी लावून दिली हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "पेणचे म्हात्रे. पूर्वी त्यांचं अलाइनमेंटचं दुकान होतं."

तो गोणीवर बसला. "हायवेवरनं आत येतानाचं? ते?"

त्याचं नाव नितीन शेडगे. रोह्याचाच, धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यानं मला तिथेच, पोरं ओरडत असताना, सांगितली. रात्रपाळी करून तो सकाळी आईला घेऊन पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता. आई दवाखान्यात बसली होती तेवढ्यात त्यानं गाडीचं अलाइनमेंट करून घेतलं. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून आईला काळा चष्मा. दुपारी परत निघाले. नागोठणं मागे पडलं, रोह्याच्या रस्त्याला लागले, आणि एका वळणावर गाडी वळलीच नाही. आंब्याच्या झाडावर गेली. नितीनचा पाय मोडला. आई दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

"मी सगळ्यांना सांगितलं, स्टिअरिंग हलकं झालं. हातात नुसतंच फिरलं. कोणी मानलं नाय. रात्रपाळी करून आलेला, डोळा लागला, असंच सगळे म्हणाले. बाबा पण. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नायत. एका घरात ऱ्हातो आम्ही." तो जमिनीकडे बघत होता. "मीपण मग सांगायचं सोडलं. आता तर मलाच वाटतं, लागला असेल डोळा."

जाताना म्हणाला, "तुमच्या ओळखीचे आहेत तर एवढं विचाराल काय त्यांना? त्या दिवशी गाडीत काय वेगळं दिसलं होतं काय. जुनी होती गाडी. त्यांना काय आठवत असेल तर."

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्याला दादांचा संशयच नव्हता. तो बिचारा गाडीला साक्षीला बोलवत होता.

तो प्रश्न मी तीन आठवडे जवळ ठेवला. शटर का खाली आलं ते मला आता समजलं होतं, आणि समजल्यामुळेच जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एका दुपारी कॉलेजातून थेट दुकानात गेले. दादा मिक्सरचं भांडं उघडून बसले होते. मी बसले आणि एका दमात म्हटलं, "दादा, रोह्याला नितीन शेडगे भेटले. विचारत होते, तुम्हाला त्या दिवसाचं काही आठवतं का."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग ते बोलू लागले, आणि मला वाटलं, हे सगळं त्यांनी मनाशी कितीतरी वेळा म्हटलेलं आहे.

"सकाळी साडेदहाला गाडी आली. पांढरी. मी खाली खड्ड्यात उतरलो. उजव्या बाजूचा टाय रॉड लावला, नट घट्ट केला. ते मला आठवतं, कारण हात सटकून बोट सोललं होतं. मग डाव्या बाजूला आलो. माप बरोबर आणलं. नटाला पाना लावला. तेवढ्यात बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, तुझ्या गिऱ्हाइकाची रिक्षा वाटेत हाय, काढ म्हणून. मी वर आलो, रिक्षा काढली. परत आलो तर तो पोरगा उभा, आईला दवाखान्यातनं आणायला उशीर होतोय म्हणत. मी गाडी खड्ड्यावरनं काढून दिली." ते थांबले. "बाई, पाना लावला हे आठवतं. फिरवला हे आठवत नाय. रिक्षा काढायच्या आधी फिरवला असेल. परत आल्यावर खाली उतरून फिरवला असेल. हात सवयीनं करतो. शंभर गाड्यांचे डावे नट मला आठवतात. त्या गाडीचा आठवत नाय."

मी म्हटलं, "म्हणजे केलाही असेल."

"आठवड्यानं मला कळलं, पोरगा स्टिअरिंग हलकं झालं म्हणतोय. गाडी तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात होती. मी जायला हवं होतं. नट बघा म्हणून सांगायला हवं होतं. नाय गेलो. महिन्याभरानं गाडी भंगारात गेली असं ऐकलं, तेव्हा मला बरं वाटलं. हे मी कोणाला बोललेलो नाय. मला बरं वाटलं, बाई."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून वह्या काढल्या. पाच होत्या. मला वाटायचं, त्यांत आमच्या गाड्यांची मापं असतील. होतीही, मागच्या पानांवर. पुढची सगळी पानं त्यांच्या स्वतःच्या गाडीची होती, त्या पोलादी काड्यांच्या गाडीची. 'डावा सैल, अर्धा आटा. चाळीस फेऱ्या. टिकला.' 'डावा सैल, पूर्ण आटा. एकोणीस फेऱ्यांत सुटला.' 'सैल, खडीवरून. टिकला.' 'सैल, खडीवरून. सुटला.' मैदान रिकामं असताना, एकटेच जाऊन, सहा वर्षं ते हे करत होते. या खेळात ते आलेच त्यासाठी. मोठ्या गाडीवर पुन्हा करून बघता येत नव्हतं, म्हणून लहान गाडीवर.

"तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. पेणपासून नागोठण्याच्या पुढपर्यंत. सैल ऱ्हायला असता तर एवढ्यात सुटला असता?"

मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, की लहान गाडीची ही मापं मोठ्या गाडीला लागू होत नाहीत. वजन वेगळं, धक्के वेगळे, आटे वेगळे. आणि एवढ्या अंतरात बहुधा नसता सुटला.

"बहुधा म्हणजे किती?"

"ते नाही सांगता येणार, दादा."

"लागू होत नाय ते मलापण ठाऊक हाय," ते म्हणाले आणि वह्या एकावर एक रचून नीट खणात ठेवल्या.

मी नितीनला फोन केला नाही. काय सांगणार होते? दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी दादा माझ्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. बरोबर वहिनी नव्हत्या. "रोह्याला येता काय माझ्यासंगती? रस्ता मला ठाऊक हाय, पण एकट्यानं मी अर्ध्यातनं परत फिरेन."

माझ्याच मोटारीनं गेलो. नागोठण्याच्या पुढे एका वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले. झाड होतं की तोडलं, मी विचारलं नाही.

शेडग्यांचं घर गावाच्या कडेला, मागे भाताचं शेत, वाल काढून मोकळं झालेलं. नितीनचे वडील, अण्णा, ओटीवर कोयत्यानं बांबूच्या पट्ट्या काढत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, उघडे, खांद्यावर टॉवेल. नितीन आतून आला आणि दादांना बघून दारातच थांबला. निघण्याआधी मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की म्हात्रे येतायत.

दादा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. साडेदहा, पांढरी गाडी, उजवा नट, डावा नट, ट्रकचा हॉर्न. मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. पोलीस ठाण्यात गेलो नाही, हेही सांगितलं.

अण्णांनी कोयता बाजूला ठेवला. "नीट सांग. घट्ट केलास का नाय?"

"आठवत नाय."

"मग सांगायला काय आलायस?"

"आठवत नाय हेच सांगायला आलोय."

"सहा वर्षं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज वाढला नव्हता. "सहा वर्षं मी ह्याच्याशी बोललो नाय. ह्याच्या हातचं पाणी घेतलं नाय. माझ्या बायकोला ह्यानं मारलं असं धरून चाललो. आता तू येतोस नि म्हणतोस, कदाचित. हे कदाचित घेऊन मी काय करूं? कुठं ठेवूं?"

अण्णा उठले, भिंतीला हात टेकत आत गेले आणि दार लावून घेतलं.

नितीन आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. मला वाटत होतं, आता तो दादांच्या अंगावर जाईल, किंवा रडेल. मोटारीपाशी आल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "त्याच आठवड्यात आला असता ना काका, तर गाडी होती. बघता आलं असतं."

"व्हय," दादा म्हणाले.

"एवढंच हवं होतं मला. कोणीतरी जाऊन बघायला."

"व्हय."

पेण आल्यावर दादा उतरले आणि दार लावताना म्हणाले, "तुम्ही चहा न पिता आलात माझ्यामुळं."

ही गोष्ट पेणला पोचायला चार दिवस लागले. मी कोणाला सांगितली नव्हती, दादांनीच घरतला सांगितली आणि म्हणाले, बाकीच्यांनाही सांग. मग मैदानावर दोन तट पडले. मेडिकलवाला म्हणाला, एवढा सज्जन माणूस, कशाला जुनं उकरायचं. दुसरा कोणी म्हणाला, सज्जन कसला, पोराचं आयुष्य गेलं आणि हा गप्प. वहिनींना बाजारात कोणी तरी तोंडावर बोललं. त्या पंधरा दिवस घराबाहेर पडल्या नाहीत, आणि माझ्याशी त्या पुन्हा कधी पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. त्यांच्या मते तो प्रश्न मी रोह्याहून घेऊन आले नसते तर काही बिघडलं नसतं. त्यांचं चुकत होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

दादांनी स्वतःच रविवारी यायचं बंद केलं. घरत एकदा गाडी घेऊन दुकानात गेला तर त्यांनी ती लावून दिली, ठिपके दिले, पण म्हणाले, "चालवायच्या आधी दुसऱ्या कोणाकडनं एकदा बघून घे." घरत हिरमुसला होऊन परत आला. "दादा, तुमच्यावर माझा भरवसा हाय," असं तो म्हणाला, तर म्हणे दादा त्याच्यावर चिडले.

नितीनचा फोन आला तो दोन महिन्यांनी. "बाई, बाबा बोलले."

मला आनंद झाला. म्हटलं, काय म्हणाले?

"शिवी घातली. म्हणाले, रात्रपाळी करून गाडी कशाला चालवलीस, भाड्याची गाडी मिळत नव्हती काय. सगळ्यांदेखत. पण नावानं हाक मारून बोलले." मग म्हणाला, "मी सांगितलं, आईच म्हणाली होती, तू चल म्हणून. हे मी कधी सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर अण्णांनी दादांना बोलावणं धाडलं. पहिल्यांदा नितीनकडून, मग थेट. दादा गेले. अण्णांनी त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, त्या दिवसाचं पुन्हा सांग. दादांनी सांगितलं. अण्णांनी मध्ये मध्ये विचारलं. ट्रक कुठल्या रंगाचा होता? माझी बायको गाडीत आधी बसली होती काय? ती तुझ्याशी काय बोलली? दादा म्हणाले, त्या तेव्हा दवाखान्यात होत्या, मी त्यांना बघितलंच नाय. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं. पुन्हा तेच. नितीन मला म्हणाला, "मी बाबांना म्हटलं, कशाला छळता त्या माणसाला? तर म्हणाले, सांगता सांगता एखाद दिवशी आठवेल त्याला." दादा दर महिन्याला एसटीनं जात होते. वहिनींनी अडवून पाहिलं. नितीननं स्वतः सांगितलं, काका, येऊ नका आता. ते ऐकत नव्हते.

माझी बदली ठरली, पेण सोडायच्या आठवड्यात मी त्यांना एकदा माझ्या मोटारीनं नेलं. वाटेत मी विचारलं, "दादा, खरंच आठवेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाय," ते म्हणाले. "पण त्यांना वाटतं."

"मग किती दिवस जाणार?"

"बोलावतील तवर."

शेडग्यांच्या घरापाशी मी गाडी उभी केली. सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चढलं होतं, वालाचा वेल अंगणाच्या कुंपणावर आला होता. नितीन पहिल्या शिफ्टला गेलेला. दादा उतरले, पायरीपाशी चपला काढल्या आणि हाक न मारता तिथेच उभे राहिले. अण्णा ओटीवर होते, त्यांनी बघितलंही होतं. दादा पुढे गेले नाहीत. मग अण्णांनी पायानं समोरचा पाट थोडा पुढे ढकलला.

दादा वर गेले. पाटावर मांडी घालून बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. गाडीची काच खाली होती, त्यामुळे मला ऐकू आलं.

"सकाळी साडेदहाला गाडी आली," दादा म्हणाले.

"थांब," अण्णा म्हणाले. "त्याच्या आधी दुकान कधी उघडलंस, तिथनं सांग."